पाणलोटाचे काम आणि गावातील विरोध

धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचा पडतो आणि तो वेळेवर पडेलच असा भरवसा नसतो. सन १९७२ व सन २०१५-१६ च्या दुष्काळांनी येथील शेतकऱ्यास पाण्याचे मोल पुरेपूर पटवून दिले आहे. शिवारातील पाणी शिवारातच मुरविणे किती अगत्याचे आहे, हे त्यास नव्याने सांगावे लागत नाही. तरीही एखाद-दुसऱ्या शेतकऱ्याच्या विरोधामुळे चांगले काम अडून राहते, असा ग्रामकार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे असते. त्यातील बांध एकमेकांवर अवलंबून असतात. वरच्या शेतातील बांध कोणी फोडला, तर ते पाणी लोंढ्याने खाली येते व खालचे बांधही वाहून नेते. यास्तव विरोध करणाऱ्यास दुर्लक्षून काम रेटणे कोणासच हिताचे नाही. विरोधाचे कारण आधी शोधावे.

पुष्कळदा हे कारण रास्त असते. भारी काळ्या जमिनीत समपातळी बांधाच्या वर पाणी तुंबते आणि तूर पिवळी पडून मरते. अशा जमिनीस जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांधच योग्य होत. म्हणजे “माझ्या रानात पाणी साचेल” असे म्हणणारा शेतकरी हेकट नसून जाणता असू शकतो. तसेच बांधाची रेषा शेताच्या मधून तिरपी गेली, तर औत व तिफण वळविणे अवघड होते. अशा वेळी तांत्रिक मर्यादेत राहून बांध हद्दीकडे सरकविता येतो काय, हे पाहावे. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात न सोडता नाल्यात सोडावे.

दुसरा विरोध मेंढपाळ व भूमिहीन कुटुंबांचा असतो. माळावर चर खोदून चराईबंदी केली की त्यांची जनावरे उपाशी राहतात, आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ मात्र विहीरवाल्यास होतो. यासाठी सगळा माळ एकदम बंद करू नये. निम्मा भाग चराईस मोकळा ठेवावा. बंद भागातील गवत कापून नेण्याचा हक्क प्रथम या कुटुंबांस द्यावा व तसा ठराव ग्रामसभेत आधीच करून घ्यावा.

तिसरा विरोध भाऊबंदकीचा अथवा गटबाजीचा असतो. हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊ द्यावी. कार्यकर्त्याने स्वतः निवाडा करू नये. एकाच गटाच्या ओसरीवर नित्य बसणारा कार्यकर्ता दुसऱ्या गटास परका होतो. जो खर्चाविषयी खोचक प्रश्न विचारतो, त्यास शत्रू मानू नये. अंदाजपत्रक व झालेला खर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे संशयास जागा उरत नाही.

बोलणी कशी करावी, हेही महत्त्वाचे आहे. विरोधकास भरसभेत उत्तर देऊन गप्प बसविले, तर तो मनातून अधिकच दुरावतो. त्याच्या शेतावर सवडीच्या वेळी जावे. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि सांगितलेल्या दिवशी उत्तर द्यावे. अंदाजपत्रकात नाही त्याचे वचन देऊ नये. वरचे व खालचे शेतकरी एकत्र घेऊन शिवारफेरी करावी. घरातील स्त्रियांचेही मत घ्यावे. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांत घरदुरुस्तीच्या कामी गावातील महिलांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. अधिकारी व कुटुंबे यांच्यामधील दुवा त्या बनल्या. ही परंपरा आपल्याच जिल्ह्यातील आहे.

इतके करूनही एखादा शेतकरी नकारावर ठाम राहिला, तर त्याचे शेत वगळून पाण्याची वाट नव्याने आखावी व खालच्या शेतकऱ्यांस त्याची कल्पना द्यावी. त्यास गावात हिणवू नये. पहिला मोठा पाऊस झाल्यावर मात्र बांधांची पाहणी करताना प्रथम त्याच्याच शेतावर जावे. तेथे माती वाहून गेली असेल, तर काय करता येईल ते त्यास विचारावे. पुढील हंगामातील होकार पुष्कळदा अशा भेटीतूनच मिळतो.