आठवड्याचा मेळ

रात्री दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वी गल्ल्यातील रोकड व रोजकीर्द यांचा मेळ पाहिल्यावाचून कोणताही दक्ष व्यापारी घरी जात नाही. दहा रुपयांची तफावत निघाली तरी ती सापडेपर्यंत त्यास चैन पडत नाही. परंतु पाडव्यास केलेल्या संकल्पांचा मेळ हाच गृहस्थ कधी पाहतो काय? नोकरांचा पगार पहिल्या तारखेस द्यावा, व्यसन सोडावे, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर तोडू नये, हे निश्चय अक्षय्यतृतीयेपर्यंत तरी टिकले की नाही, हे पुढचा पाडवा येईतो त्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या मते दोष निश्चयाचा नव्हे; हिशेब न ठेवण्याचा आहे.

अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–१७९०) हा फिलाडेल्फिया शहरी छापखाना चालवीत असे. त्याने तेरा सद्गुणांची यादी करून लहानशा वहीत प्रत्येकास एक पान दिले, व पानावर सात वारांची घरे आखली. चूक घडे तेथे काळा ठिपका पडे. एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणाकडे; तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. आपल्या समजुतीहून आपले दोष पुष्कळच अधिक आहेत, असे त्यास आढळले. व्यवस्थितपणा तर त्यास पुरता कधीच साधला नाही. तथापि ह्या प्रयत्नाने आपण अधिक चांगले व सुखी झालो, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आठवडाच का? रोजच्या थकव्यात विचार सुचत नाही, आणि वर्षाअखेर कारणे आठवत नाहीत. सात दिवसांत मात्र वळण दिसते, व ते का पडले हेही स्मरते. शिवाय त्यासाठी सुटीचा वार आहेच. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली. झगडून मिळविलेला दिवस केवळ झोपेत घालविणे उचित नव्हे.

आमची सूचना साधी आहे. दुकान बंद असेल त्या दिवशी अर्धा तास एकांतात बसावे. काय ठरविले होते, काय घडले, कशामुळे राहिले, ह्या तीन गोष्टी लिहाव्या. आणि पुढील आठवड्यास एकच निश्चय मांडावा. त्यात घरच्यांचा व नोकरांचा हक्क आधी, आपली बढती मागाहून. मेळ पडला नाही तर वही फेकू नये. एका आठवड्याचा तोटा दिसला म्हणून कोणी पेढी मोडीत नाही.