बेल्ट बोलू लागला की

झाशीत कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपा लागला की दुपारचे रस्ते ओस पडतात. मे २०२४ मध्ये इथला पारा ४९ अंशांवर गेला होता. आम्हा झाशीकर मराठी मंडळींची लग्नकार्यंही नेमकी उन्हाळ्यातच येतात. काही वर्षांपूर्वी असंच एक कार्य आटोपून ललितपूरहून परतताना गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला. बॅटरीचं घरी जाऊन बघू, म्हणत मी गाडी दामटली. पाच-सात मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला आणि बॉनेटखालून वाफ निघू लागली. बॅटरी धडधाकट होती, पट्टा तुटला होता. काही शे रुपयांच्या रबरापायी हेड गॅस्केट जळालं आणि इंजिन खोलावं लागलं. तेव्हापासून हा पट्टा मी स्वतः बदलतो.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला पुली असते. तिच्यावरचा पट्टा वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरवतो, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनभर पाणी खेळवणारा वॉटर पंपही तोच फिरवतो. पट्टा तुटला की दोन्ही एकदम थांबतात. दिवा विजेचा लागतो, इंजिनाचा जीव मात्र पाण्यावाचून जातो. म्हणून धावत्या गाडीत हा दिवा लागला, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, मग बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० वर आमच्या पिढीतले कितीतरी जण गाडी शिकले. तिचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तरी मिस्त्री तिच्या पट्ट्याला ‘फॅन बेल्ट’च म्हणतात. इंजिनच पंखा फिरवायचं, त्या काळातलं हे नाव.

गावाकडच्या पिठाच्या गिरणीचा रुंद, सपाट पट्टा आठवतो? तो घसरू लागला की गिरणीवाला त्याला राळ लावायचा. गाडीच्या जुन्या धाटणीच्या पट्ट्याचा छेद पाचरीसारखा असतो. ताण आला की पाचर पुलीच्या खाचेत आणखी रुतते. पकड दोन्ही कडांची असते, तळाची नाही. त्या कडा काचेसारख्या चकाकू लागल्या, तर पट्टा घसरतोय असं समजा. नव्या गाड्यांत बारीक खाचांचा चपटा पट्टा एकाच फेऱ्यात सगळ्या पुल्या फिरवतो. त्याचं हल्लीचं रबर जुन्यासारखं तडकत नाही, टायरसारखं झिजतं. भेगा नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, खाचा किती खोल उरल्यात ते पाहा.

सकाळी गाडी सुरू करताच चीं-चीं झाली की आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो, ‘‘बेल्ट बोल रहा है.’’ काय बोलतोय ते कळायला एक सोपी युक्ती आहे. हात, कपडे लांब ठेवून, चालत्या पट्ट्यावर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज क्षणभर थांबला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे. घसरण थांबवायचे फवारे मिळतात, ते मी कधीच वापरत नाही. त्यांनी आवाज दबतो, दुखणं तसंच राहतं.

पट्टा बदलायचा तो इंजिन थंड असताना, किल्ली काढून, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून. आधी पट्ट्याच्या मार्गाचा फोटो काढून ठेवा. जुन्या छोट्या गाड्यांत अल्टरनेटरचे बोल्ट १२-१४ नंबरच्या पान्याने ढिले करायचे, तो इंजिनाकडे ढकलायचा, की पट्टा हातात येतो. प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. खरखर जाणवली तर बेअरिंग संपत आलंय, आणि नवा पट्टा चढवून ते बरं होणार नाही. पट्टा चढेना म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. आतले धागे तुटतात आणि वरून दिसतही नाहीत.

सगळं कसब ताणात आहे. टॉमीने अल्टरनेटर बाहेर रेटत बोल्ट आवळायचे, मग लांब पल्ल्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहायचं. किती दबावा हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. जुन्या पट्ट्यांत बहुधा सेंटिमीटरच्या आतच. ढिला पट्टा घसरतो, फार ताणलेला अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खातो. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून, बंद करून पुन्हा तपासा. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर हे काम तोच करतो.

व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग बेल्टला मात्र घरी हात लावू नका. त्याचा एक दात चुकला तरी वेळ चुकते, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

उतरवलेला पट्टा अजून धड असेल तर मी फेकत नाही. श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिलचर हे दोन महामार्ग झाशीलाच एकमेकांना छेदतात, शहरात सुटा भाग सहज मिळतो. पण ललितपूरच्या वाटेवर दुपारी दोन वाजता कोण देणार? म्हणून जुना पट्टा, दोन पाने आणि पाच लिटर पाणी डिकीत स्टेपनीशेजारी कायम असतं.