शेतीच्या माहितीसाठी शोधशब्दांची निवड

डाळिंबाच्या फळांवर तेलकट डाग दिसू लागले की राहाता-संगमनेर भागातील बागाईतदार त्यास ‘तेल्या’ म्हणतो. शास्त्रीय लिखाणात त्याच रोगास जिवाणूजन्य करपा असे नाव आहे. दमट हवेत हा रोग झपाट्याने पसरतो. म्हणून बागाईतदार त्याच रात्री मोबाईलवर ‘डाळिंब तेल्या उपाय’ असे शब्द लिहून शोध घेतो. आपण इंटरनेटवर ठेवलेल्या पानात केवळ शास्त्रीय नाव असेल, तर सल्ला उत्तम असूनही तो त्याच्या हाती न लागण्याचा संभव असतो. औषधाची जाहिरात मात्र लागते.

गूगलसारखे शोधयंत्र इंटरनेटवरील पाने आधीच वाचून कोणता शब्द कोठे आहे याची सूची करून ठेवते व प्रश्नाशी जुळणारी पाने पुढे करते. समानार्थी शब्द ते काही अंशी ओळखते. परंतु बोलीतील शब्दांच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

याकरिता गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लिहिण्यापूर्वी शब्द गोळा करावेत. शिवारात व बाजारात शेतकरी कसे विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपावे. नंतर त्यांतील एखादा शब्द शोधाच्या चौकटीत लिहून पाहावा. खाली यंत्र जे शब्दसमूह सुचविते, ते बहुधा लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवरून आलेले असतात. नुसता ‘कांदा’ हा शब्द फार व्यापक होय. त्यात भज्यांपासून निर्यातीपर्यंत सर्व काही येते. ‘घोडेगाव कांदा बाजारभाव’ असे लिहिणारे थोडे, पण ते बहुधा माल विकावयास निघालेले असतात.

स्थळनामांकडेही लक्ष द्यावे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या सवयीने अहमदनगर किंवा नुसते नगर लिहिणारे आहेतच. दोन्ही नावे पानात असावीत. २०२२ च्या साथीतील जनावरांचा रोगही कोणी ‘लंपी’ लिहितो, कोणी ‘लम्पी’.

निवडलेला शब्द शीर्षकात व आरंभीच्या वाक्यात घालावा. शास्त्रीय नाव त्याच्या शेजारी द्यावे. एकच शब्द वीस वेळा घुसडल्यास गूगल ती लबाडी समजून पान मागे टाकू शकते. पानामागे दडविलेली शोधशब्दांची यादी क्रम लावताना आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. अशी यादी भरून देण्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. कोणत्या शब्दांनी लोक आपल्या पानापर्यंत आले, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सोयीत दिसते. महिन्यातून एकदा ते पाहून शीर्षक दुरुस्त करावे.