किल्टची गोष्ट – लेखांक 5 : स्पॉरन कोणता, केव्हा?

मागच्या आठवड्यात किल्टचं कापड आणि त्याच्या पाठीमागच्या घड्या पाहिल्या. जवळजवळ 8 यार्ड लोकरी कापड कमरेभोवती नेसायचं आणि त्यात खिसा एकही नाही. मग पैसे, किल्ल्या, रुमाल ठेवायचे कुठे? स्कॉटलंडमधल्या हायलंडच्या माणसाने आपल्या चंचीसारखी एक पिशवी कमरेला लटकवली. तीच स्पॉरन.

पहिले स्पॉरन अगदी साधे होते. हरणाचं किंवा वासराचं कातडं, तोंडाशी आवळायची वादी, बस्स. पुढे तोंडाला पितळेचे चाप बसले आणि कारागिरांची बुद्धी तिथे चालू लागली. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अठराव्या शतकातला एक चाप आहे. त्याच्या आत चार छोटी पिस्तुलं दडवलेली आहेत. चापाची खुबी ठाऊक नसलेल्या चोराने तो उघडायला हात घातला, तर गोळी त्यालाच लागायची. वॉल्टर स्कॉटच्या 1817 सालच्या ‘रॉब रॉय’ कादंबरीतल्या रॉब रॉयकडेही असाच पिस्तूलवाला बटवा आहे.

1746च्या कायद्याने हायलंडच्या पोशाखावर बंदी आली, ती 1782 साली उठली. या कायद्यातून सैन्याला सूट होती, त्यामुळे किल्ट पलटणींमध्ये टिकला. घोड्याच्या केसांचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा स्पॉरन हीही पलटणींचीच देणगी. ब्लॅक वॉचच्या पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे, गॉर्डन हायलंडर्सच्या पांढऱ्यावर दोन काळे आणि कॅमरन हायलंडर्सचं त्याच्या उलट, म्हणजे काळ्यावर दोन पांढरे. केसांचा रंग आणि गोंडे पाहून पलटण ओळखावी! (1803 साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने लढलेली 78वी पलटण हायलंडरांचीच होती.) आज हा केसाळ स्पॉरन पाइप बँडमधल्या वादकांना शोभतो. लग्नातल्या पाहुण्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाहुण्याने निवड करायची ती कोटाकडे बघून. कोट जितका औपचारिक, तितकी स्पॉरनवर चांदी चालते. माझ्या मते एवढं पक्कं लक्षात ठेवलं तर बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

संध्याकाळची मेजवानी आहे, अंगात प्रिन्स चार्ली कोट आहे, आत वेस्टकोट आणि गळ्याला बो आहे, तर ड्रेस स्पॉरन हवा. याच्या माथ्यावर धातूची कमान असते. तिला कँटल म्हणतात. तिच्यावर बहुधा काटेरी थिसलची फुलं किंवा वेलबुट्टी कोरलेली असते. खाली फर आणि फरवर साखळीने टांगलेले तीन गोंडे. बटवा उघडण्याची जागा पुष्कळदा मागच्या बाजूला, पोटाकडे असते. समोर कुठेच झाकण दिसत नाही, म्हणून नवखा माणूस कँटलच उचकटायला जातो. फर पूर्वी सीलची असायची. अमेरिकेने 1972च्या कायद्याने सीलच्या वस्तू आणायला बंदी केली, युरोपीय संघानेही 2009 साली त्यांच्या व्यापारावर कडक निर्बंध घातले. आजोबांचा जुना सीलचा स्पॉरन घेऊन परदेशी निघालेल्याने आधी तिथले नियम पाहावेत. नवा घेणाऱ्याने गाईच्या किंवा सशाच्या कातड्याचा घ्यावा. दिसायला तो कुठेही उणा नसतो.

दिवसाचा स्पॉरन म्हणजे निव्वळ चामडं. समोर झाकण, त्यावर ठशांची साधी नक्षी, चामड्याचेच गोंडे. ट्वीडचा कोट, स्वेटर किंवा नुसता शर्ट, कशावरही तो चालतो. चामड्याचा रंग पट्ट्याशी आणि बुटांशी जुळवावा : तपकिरीला तपकिरी, काळ्याला काळा. बकल चांदीच्या रंगाचं असेल तर स्पॉरनवर पितळ नको.

दोहोंच्या मधला सेमी-ड्रेस. अंग फरचं, झाकण चामड्याचं. दिवसाही आणि संध्याकाळीही घालता येणारा आर्गाइल कोट ज्याच्याकडे आहे, त्याला तो सोयीचा पडतो. एकच घ्यायचा तर हाच घ्या, असं दुकानदार हमखास सांगतात. मला ते पटत नाही. स्कॉटलंडमध्ये लग्नासाठी अख्खा पोशाख भाड्याने मिळतो आणि त्यात ड्रेस स्पॉरन आलाच. ग्लासगो-एडिंबरात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही मित्राच्या लग्नासाठी तोच मार्ग सोपा. स्वतःचा म्हणून जो वापरला जाणार, तो फिरायला जाताना, हायलंड गेम्स बघताना, एखाद्या दुपारी. म्हणून पहिला स्पॉरन चांगल्या, जाड चामड्याचा घ्यावा. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि वापराने अधिकच देखणा होतो. विकत घेण्याआधी आपला मोबाइल आत घालून पाहावा. कित्येक देखण्या स्पॉरनमध्ये तो मावत नाही.

लटकवण्याची जागा चुकली तर महागाचा स्पॉरनही बेंगरूळ दिसतो. पट्ट्याच्या बकलखाली साधारण चार बोटं सोडून त्याची वरची कड यावी. वर ओढला तर पोटावर चढतो, खाली सोडला तर चालताना मांड्यांवर आपटतो. बसल्यावर त्याच्या वजनाने किल्टचा पुढचा पदर जागेवर राहतो, हा फायदा लहान नाही. केली म्हणजे स्कॉटिश नाचगाण्याचा मेळा; तिथे नाचाला उभं राहताना मात्र तो कमरेच्या बाजूला सरकवावा, नाहीतर गिरकी घेताना जोडीदाराला लागतो.

स्पॉरन लटकवण्याचा साखळीचा पट्टा किल्टच्या पाठीमागच्या घड्यांवर घासतो आणि लोकर झिजवतो. त्यामुळे मागचा भाग चामड्याचा असलेलाच पट्टा निवडावा. फर भिजली तर हीटरजवळ ठेवू नये, कातडं आखडतं. ती सावलीत वाळू द्यावी आणि नंतर केसांच्या दिशेने मऊ ब्रश फिरवावा.

(पुढील लेखांक : मोजे, आणि त्यात खोचायची सुरी)