आधी हालचाल, मग धार

भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर, कशेळी, कोन अशा खाडीकाठच्या आगरी गावांत लग्नाइतकीच, कधी कधी त्याहून मोठी, हळदीची रात्र असते. व्हीसीआर घरोघरी पोचला तेव्हापासून या रात्रीची, मांडवाची, वरातीची शूटिंगची कॅसेट काढून घेण्याची रीत पडली. भिवंडी शहरात यंत्रमागावर राबणाऱ्या पद्मशाली आणि मोमीन कुटुंबांच्या कपाटांतही अशा कॅसेटी आहेत. पुढे त्यांतल्या काहींच्या सीडी झाल्या, काहींना बुरशी लागली. जे वाचले आहे ते आता ५५ इंची फोरके टीव्हीवर लावले जाते आणि चित्र धुरकट दिसते. मग घरातल्या एखाद्या मुलाच्या गेमिंग कॉम्प्युटरची आठवण होते, कारण त्यात ग्राफिक्स कार्ड असते आणि ते कार्ड लहान चित्र मोठे व स्वच्छ करून दाखवू शकते, म्हणजे ‘अपस्केलिंग’ करू शकते, हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर आलेले आहे. सेटिंग कोणते ठेवायचे, याचे सर्वत्र मिळणारे उत्तर असे: कार्डाला झेपेल तेवढे सर्वांत वरचे. हा सल्ला उलट्या टोकाकडून सुरू होतो असे माझे म्हणणे आहे. कार्डाची ताकद आधी हालचालीवर खर्चावी, उरेल ती धार आणण्यावर. हळदीच्या कॅसेटच्या बाबतीत हा क्रम चुकला तर महागडे कार्डही उपयोगाचे नाही आणि क्रम जमला तर जुने, साधे कार्डही पुष्कळ काम करून देते.

आधी मुळात हातात काय आहे ते पाहू. भारतात पाल पद्धत होती. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की ७२० बाय ५७६ बिंदूंची चौकट मिळते, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. फोरके पडद्यावर जुने ४:३ प्रमाणाचे चित्र बाजूंना काळे पट्टे सोडून बसवले तर ते २८८० बाय २१६० जागा व्यापते. हे झाले ६२,२०,८०० बिंदू, मूळच्या बरोबर पंधरापट. पडद्यावरच्या दर पंधरा बिंदूंतला एक कॅसेटमधून आलेला, बाकीचे चौदा कार्डाने अंदाजाने भरलेले. त्यातही व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावायचा आणि रंगाचा तपशील त्याहून कितीतरी कमी. म्हणजे तो पंधरातला एक बिंदूसुद्धा पूर्णपणे खरा नाही. भिवंडीत हे समजावून सांगायची गरज नाही: कापड ताणून रुंद केले तरी मागावर जे रीड-पिक पडले तेवढेच धागे त्यात राहतात. (ते काळे पट्टे आवडत नाहीत म्हणून चित्र ताणून पडदा भरून टाकण्याची सवय मात्र कृपा करून सोडावी, त्याने माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, दुसरे काही होत नाही.)

धागे कमी असले तरी कॅसेटमध्ये एक गोष्ट भरपूर आहे आणि नेमकी तीच बहुतेक वेळा वाया जाते. पाल चित्र सेकंदाला २५ चौकटींचे असते असे आपण म्हणतो, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत टिपलेली असते: एका भागात विषम ओळी, दुसऱ्यात सम. हे दोन भाग एकाच क्षणाचे नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. थोडक्यात, कॅमेऱ्याने सेकंदाला हालचालीचे ५० क्षण टिपलेले असतात. जुन्या जाड टीव्हीवर हे ५० क्षण जसेच्या तसे दिसत, म्हणून तेव्हा नाच मऊ आणि जिवंत वाटायचा. कॉम्प्युटरवर हे दोन भाग नुसते एकत्र चिकटवले की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते घालवायचे काम म्हणजे ‘डीइंटरलेसिंग’, आणि ते दोन तऱ्हांनी होते. एका तऱ्हेत २५ चौकटी हाती येतात, निम्मी हालचाल फेकली जाते. दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण ५०. हळदीच्या रात्रीत असते काय? बेंजोच्या तालावर नाचणारी शंभर माणसे, उडणारी हळद, हलत्या हातात धरलेला कॅमेरा. तिथे निम्मी हालचाल गेली तर चेहऱ्यावरची कितीही धार ती उणीव भरून काढत नाही.

आता कार्डाचा हिशेब इथून सुरू होतो. सेकंदाला २५ चौकटी दाखवायच्या तर एका चौकटीसाठी कार्डाला ४० मिलिसेकंद मिळतात. ५० दाखवायच्या तर फक्त २०. तेवढ्यात चित्र मोठे झाले नाही की ती चौकट गळते आणि चित्र अडखळते. सर्वांत वरचे सेटिंग लावणारा माणूस इथेच फसतो: चित्र अडखळते म्हणून तो ५० ऐवजी २५ वर येतो, अडखळणे थांबते, आणि आपण काय गमावले ते त्याला कळतही नाही. म्हणून पहिली पायरी अशी की ५० चौकटी ठरवून टाकाव्यात. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेसिंगसाठी ‘याडिफ’ आणि ‘याडिफ टू-एक्स’ असे दोन पर्याय आहेत, त्यातला दुसरा निवडावा. एमपीव्ही या प्लेअरमध्ये ‘डी’ बटण दाबले की काम होते. दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात. विंडोजमध्ये पडद्याचा वेग साधारण ६० हर्ट्झवर ठेवलेला असतो. ५० चौकटी ६० मध्ये बसवायच्या म्हणजे काही चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा फिरताना चित्राला हिसके बसतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन वेग ५० करावा. टीव्ही तो घेतात, त्याला पैसा लागत नाही, आणि नवीन कार्ड घेऊन जो फरक पडतो त्याहून हा फरक पुष्कळदा मोठा असतो.

हे झाल्यावर धार. चित्र मोठे करण्याच्या साध्या गणिती पद्धती शेजारच्या बिंदूंची सरासरी काढतात: बायलिनिअर ४ शेजारी बघते, बायक्युबिक १६, लँक्झोस तिच्या नेहमीच्या रूपात ३६. जितके शेजारी जास्त तितकी कड स्वच्छ, आणि काम जास्त. त्यांच्या वरच्या पायरीवर एनएनईडीआय-३, एफएसआरसीएनएनएक्स, मॅडव्हीआर या व्हिडिओ रेंडररमधले एनजीयू अशा न्यूरल पद्धती आहेत. त्यांच्यातले, हजारो चित्रांवर शिकवलेले न्यूरल जाळे कड कुठे असावी याचा अंदाज बांधते. त्यांचा भार किती पडतो हे मूळ चित्राच्या आकारावर अवलंबून असते, आणि इथे गरीब कॅसेट आपल्या फायद्याची ठरते. चार लाख बिंदूंचे चित्र एकदा दुप्पट करणे साधारण कार्डालाही जमते. जड जाते ते दुसरे दुप्पट करणे, कारण तोपर्यंत चित्र चौपट झालेले असते आणि त्याच पद्धतीला चौपट काम पडते. पहिल्या खेपेला जाळ्याने जे हुडकायचे ते हुडकून झालेले असते; दुसऱ्या खेपेला त्याला नवे असे काही सापडत नाही. म्हणून पहिले दुप्पट न्यूरल पद्धतीने, पुढचे लँक्झोसने, अशी विभागणी करावी. रंगासाठी वेगळे सेटिंग असते, ते अगदी साधे ठेवावे: व्हीएचएसच्या रंगात तपशीलच नाही, त्यावर मिलिसेकंद उधळण्यात अर्थ नाही.

कार्डानुसार याचा अर्थ असा. वेगळे कार्डच नाही, इंटेलच्या प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स आहे, तर ५० चौकटी आणि लँक्झोस, आणि तेही फुल एचडीपर्यंतच. पुढचे टीव्हीवर सोपवावे. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० सारखे ७५ वॅटचे कार्ड असेल तर एकदा दुप्पट करण्यापुरती हलकी न्यूरल पद्धत, एनएनईडीआय असेल तर १६ किंवा ३२ न्यूरॉनची. आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० असेल तर तीच पद्धत वरच्या दर्जाची. ही सुरुवातीची खूण झाली. खरा निकाल आकड्यांनी लावायचा. मॅडव्हीआरमध्ये कंट्रोल आणि जे, एमपीव्हीमध्ये शिफ्ट आणि आय दाबले की एका चौकटीला किती वेळ लागतो ते पडद्यावर येते. नाचाचा सर्वांत गर्दीचा भाग लावून दहा-पंधरा मिनिटे ते बघावे. २० च्या हिशेबात सरासरी १४-१५ च्या आत राहिली तर सेटिंग योग्य. अंतर ठेवायचे कारण उन्हाळा. तापलेले कार्ड स्वतःच आपला वेग कमी करते, आणि यंत्रमागांच्या गल्लीत हवेतल्या सुताच्या तंतूंनी पंख्याची जाळी लवकर बुजते. जानेवारीत १४ मिलिसेकंदांत भागणारे सेटिंग मे महिन्यात अडखळू लागले तर दोष सेटिंगचा नसून त्या धुळीचा असू शकतो.

एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणलेल्या व्हिडिओ सुपर रेझोल्यूशनविषयी मात्र वेगळे सांगायला हवे, कारण आरटीएक्स कार्ड घेणारा प्रत्येक जण तेच चालू करतो. एक ते चार अशा पायऱ्या आहेत, कार्डाला झेपेल ती निवडायची. पण ही सोय मुख्यतः ब्राउझरमधल्या, इंटरनेटवरून येणाऱ्या व्हिडिओसाठी बनवली आहे. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये जे चौकोनी डाग पडतात ते पुसण्यात ती वाकबगार आहे. फितीचा खरखरीतपणा हा वेगळा दोष आहे. शिवाय तिची खालची मर्यादा ३६० ओळींची. लग्नाच्या ज्या व्हीसीडी आपल्याकडे सर्रास बनल्या त्या ३५२ बाय २८८ च्या. त्या या सोयीच्या कक्षेतच येत नाहीत. त्यांना एमपीव्ही आणि एकदा दुप्पट करणारी हलकी पद्धत हाच मार्ग.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. टीव्हीसमोर बसूनच, २० मिलिसेकंदांतच सगळे का करायचे? रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून एकदाच मोठी फाइल बनवावी, मग कार्ड लहान असले तरी वेळ पुरतो. हिशेब करून पाहू. ई-१८० कॅसेट तीन तासांची. ५० च्या वेगाने ५,४०,००० चौकटी. जड एआय मॉडेलने कार्ड सेकंदाला दोन चौकटी काढत असेल तर ७५ तास लागतात, म्हणजे तीन दिवसांहून जास्त, आणि अख्खा कॉम्प्युटर ३०० वॅट घेत असेल तर साडेबावीस युनिट वीज. एका कॅसेटसाठी कोणी हे सोसेलही. माझी हरकत वेळेला नाही. जड मॉडेले धार आणत नाहीत, तपशील रचतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिला बराक ओबामांचा पिक्सेल-पिक्सेल झालेला फोटो दिला तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, रेखीव चेहरा काढून दिला. पद्धत नादुरुस्त नव्हती. पंधरातले चौदा बिंदू भरताना शिकवलेल्या चेहऱ्यांतूनच भरावे लागतात, एवढेच त्यातून दिसले. त्यानंतरची मॉडेले सुधारली, पण मागच्या रांगेत चाळीस बिंदूंत मावलेला आजीचा चेहरा कुठून आणणार? ते एक चेहरा आणतील, आणि आजीला न पाहिलेली नातवंडे तोच खरा मानतील. म्हणून अशी फाइल बनवायची तर मूळ फाइलच्या जागी कधीही ठेवू नये, आणि नावातच ‘एआय’ असे लिहून ठेवावे. चालताना मोठे करण्याची पद्धत मला म्हणूनच बरी वाटते: ती मूळ फाइलला हात लावत नाही, आणि पाच वर्षांनी चांगली पद्धत आली की तीच फाइल पुन्हा नव्याने दाखवता येते.

दुसरा प्रश्न सिनेमांवरून येतो. श्याम बेनेगलांचा १९७६ चा ‘मंथन’ फिल्म हेरिटेज फाउंडेशनने फोरकेमध्ये नवा केला, तो २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. मग आमच्या १९९० च्या लग्नालाच काय झाले? फरक असा की ते काम ३५ मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हवरून झाले, आणि त्या फिल्मच्या पट्टीत फोरकेला पुरेल इतका तपशील आधीपासून होता. तिथे तो बाहेर काढला. कॅसेटमध्ये तो कधी गेलाच नव्हता. टीव्ही स्वतःच चित्र मोठे करतो, मग कार्ड कशाला, असेही विचारले जाते. चांगल्या टीव्हीचे मोठे करणे खरोखर वाईट नसते, हे मान्य करायला हवे. त्याचे डीइंटरलेसिंग मात्र, विशेषतः पेनड्राइव्हवरच्या फाइलचे, भरवशाचे नसते. म्हणूनच साध्या कॉम्प्युटरलाही मी सुचवतो ते काम ५० चौकटी काढून टीव्हीकडे देण्याचे.

आणि पैसा खर्चायचाच असेल तर तो कार्डाच्या आधी व्हीसीआरवर खर्चावा. फुनाई ही जपानी कंपनी व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज जे चालते ते दुरुस्त केलेले जुने यंत्र. हेड स्वच्छ केलेले, चित्र थरथरू न देणारे चांगले यंत्र मिळाले, फाइल उतरवताना ती दाबून लहान केली नाही आणि ओळी सम-विषम जशा होत्या तशाच राखल्या, तर पुढची प्रत्येक पायरी सोपी होते. आवाज त्यातच नीट उतरवून घ्यावा. या कॅसेटींत हळदीला आणि लग्नविधींना धवला गाणाऱ्या धवलारिणी आहेत, आणि त्यांतल्या अनेकींचे गाणे दुसरीकडे कुठेही टिपलेले नाही. चित्रासाठी वीस पर्याय उपलब्ध आहेत. त्या आवाजासाठी ग्राफिक्स कार्ड काहीच करू शकत नाही, तो फितीवरून पहिल्या खेपेलाच नीट यावा लागतो. त्यामुळे नवे कार्ड दिवाळीच्या सेलपर्यंत थांबले तरी चालेल. या पावसाळ्यात आणखी बुरशी धरण्याआधी कॅसेट उतरवून घ्यावी.