देवघेवीच्या टेबलावर लागणारा निकाल

कोर्टकचेरीची रहस्यकादंबरी वाचनालयात परत येते ती बहुधा मुदतीच्या आधी. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मुदतवाढ घेत घरोघर फिरते, आत्मचरित्रं अर्ध्यातून परततात. ही मात्र दोन-तीन दिवसांत टेबलावर ठेवली जाते, आणि ठेवणारा माणूस काहीतरी बोलल्याशिवाय जागचा हलत नाही. हिंगणघाटच्या एका जुन्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून मी हे बोलणं बरेच दिवस ऐकत आलो आहे. वर्तमानपत्रातलं परीक्षण इथे फारसं कुणी वाचत नाही. पुस्तकाचं काय व्हायचं ते संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान या टेबलावर ठरतं.

टेबलामागे बसणाऱ्या ग्रंथपाल बाईंना सगळे ताई म्हणतात. पुस्तक हातात आलं की ताई आधी शेवटची पानं चाळतात. फाटलेलं पाहायला नव्हे, पेन्सिलीनं कुणी काही लिहिलंय का ते पाहायला. रहस्यकथेच्या वाचनालयातल्या आयुष्याला सर्वांत मोठा धोका वाळवीचा नसतो, आधीच्या वाचकाचा असतो. चाळिसाव्या पानावर समासात ‘खुनी हाच’ असं लिहून बाण काढणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. ताईंच्या खणात त्यासाठी खोडरबर कायमचं असतं. एकदा एका पुस्तकातलं असं नाव खोडायचं राहून गेलं. गंमत अशी, की ते नाव चुकीचं होतं. पुढच्या चार वाचकांनी त्या निरपराध पात्रावर शेवटपर्यंत डोळा ठेवला आणि पुस्तक फारच रंगल्याचं सांगितलं.

मग ताई एकच प्रश्न विचारतात. ‘आवडलं का?’ असं नाही. ‘शेवट पटला?’

या प्रश्नाचं उत्तर शेवट न सांगता द्यायचं, हा टेबलाचा अलिखित नियम. ज्यानं शेवट फोडला त्याचा नव्या पुस्तकाच्या यादीतला नंबर मागे जातो. त्यामुळे इथली माणसं फार जपून बोलायला शिकली आहेत. ‘वकील पोरगा चांगला हाय, पण त्याच्या बायकोवर लक्ष ठेवा.’ ‘दोनशे पानं झाल्यावर मागं जाऊन पहिला पंचनामा पुन्हा वाचा.’ कुणी नुसतंच ‘हं’ म्हणतं, आणि त्या हुंकारावरून ताईंना कळतं. पुस्तकाला मागच्या बाजूला चिकटवलेल्या तारखेच्या कागदावर त्या कोपऱ्यात बारीक खूण करतात. टिंब म्हणजे कुणालाही द्यावं. आडवी रेघ म्हणजे पहिली शंभर पानं सोसणाऱ्यालाच द्यावं. फुली म्हणजे शेवटानं घात केला. वार्षिक खरेदीच्या वेळी समितीपुढे यादी जाते ती या खुणांवरून. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात 1967 साली झाला. त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. त्यातला पुस्तकांसाठीचा पैसा थोडा असतो, म्हणून एका फुलीचा अर्थ त्या लेखकाचं पुढचं पुस्तक न येणं असाही होतो.

इथले वाचक कोण? कोर्टातून निवृत्त झालेले एक काकाजी, ज्यांनी हयातभर न्यायालयाच्या दारात उभं राहून पक्षकारांचा पुकारा केला. समुद्रपूरकडचे एक शेतकरी, ज्यांचा वाटणीचा दावा वडिलांपासून चालू आहे. नुकतीच सनद मिळालेली एक तरुण वकील. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. यांतल्या बहुतेकांनी कोर्टाची पायरी या ना त्या कारणानं चढलेली आहे. शहाण्यानं ती चढू नये म्हणतात, पण जमीन आणि भाऊबंद असलेल्या माणसाला ते टाळता येत नाही. म्हणूनच कोर्टावरची कादंबरी हा इथे परक्या जगाचा विषय नाही.

मला वाटलं होतं, ही माणसं कादंबरीतलं खोटं कोर्ट पाहून चिडत असतील. खऱ्या कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात कोसळून ‘होय, मीच खून केला’ असं ओरडत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब तर आपल्याकडे पुरावा म्हणून चालतच नाही. 1872च्या पुरावा कायद्यात तशी तरतूद होती आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. खऱ्या कोर्टात सरतपासणी, उलटतपासणी, फेरतपासणी असं सगळं संथपणे चालतं, प्रत्येक वाक्य टंकलेखकाला सांगितलं जातं, आणि ऐन रंगात आलेली उलटतपासणी जेवणाच्या सुट्टीसाठी थांबते. काकाजींना हे विचारलं, तर ते हसले. ‘अजी, कादंबरीत मले तारीख पाह्यची हाय का? तारखा मी तीस वर्षं पाह्यल्या. तिथं वकिलानं भराभरा विचारावं, साक्षीदारानं भराभरा फसावं. त्याचसाठी तर पुस्तक नेतो.’

वाचक प्रक्रियेतली सूट सहज देतात. सूट मिळत नाही ती दुसऱ्याच गोष्टीला, आणि ती काय हे मला हळूहळू कळत गेलं.

हिंगणघाट ज्यात येतं तो वर्धा जिल्हा गांधीजींचा म्हणून सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. तरीही दारू मिळते, धाडी पडतात, खटले उभे राहतात. धाडीच्या पंचनाम्यावर सही करणारा पंच पुढे कोर्टात ‘मला काही माहीत नाही, सही पोलीस ठाण्यात केली’ म्हणतो आणि फितूर ठरतो, हे इथल्या चहाच्या टपरीलाही ठाऊक आहे. एका अलीकडच्या कादंबरीत पंच उलटणं हाच मोठा धक्का होता. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो कदाचित बसत असेल. इथे तिच्यावर फुली बसली. शेतकरीदादा म्हणाले, ‘पंच फितूर झाला यात काय धक्का जी? नाई झाला असता तर धक्का.’ लेखकाला हे वाक्य भेट म्हणून पाठवावं असं मला वाटलं. प्रामाणिकपणे खरं बोलणारा पंच आणि त्यामुळे घाबरलेले दोन्ही बाजूंचे वकील, ही वर्ध्याच्या मातीतली रहस्यकथा होईल.

कंडक्टरसाहेबांचा आक्षेप वेगळ्या जातीचा. जॉन ग्रिशॅमच्या कादंबऱ्या मराठीत येऊन आता बरीच वर्षं झाली. ग्रिशॅम स्वतः मिसिसिपीत वकिली करत होता. 1989 साली त्याची पहिली कादंबरी ‘अ टाइम टू किल’ निघाली तेव्हा पाच हजार प्रतीच छापल्या होत्या. 1991च्या ‘द फर्म’नं त्याला जगभर नेलं. कंडक्टरसाहेबांनी ‘द फर्म’ दोन दिवसांत संपवली आणि ताईंना विचारलं, ‘मॅडम, यात कोर्ट कुठं हाय?’ निरीक्षण अचूक आहे. वकिलांची म्हणून गाजलेल्या त्या कादंबरीत खटला जवळजवळ नाहीच. मोठा पगार, नवं घर, नवी गाडी घेऊन फसलेला एक तरुण वकील आणि त्याच्यामागे लागलेली माणसं, एवढीच ती गोष्ट. मग पटली का? ‘पटली ना. त्यानं पहिल्याच पानापासून सांगितलं का पगार जास्त हाय. जास्त पगाराचं कारण आपणच शोधायचं होतं.’

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. लेखकानं खूण आधीच समोर ठेवली होती, वाचकाला ती दिसली नाही, म्हणून हरण्यात त्याला आनंद वाटला. इंग्लंडमधल्या रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूनं 1929 साली गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले. त्यांत एक असा, की तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो तिथल्या तिथे वाचकालाही दाखवला पाहिजे. हिंगणघाटात नॉक्स कुणी वाचलेला नाही, पण ताईंच्या फुल्या आणि टिंबं त्याच नियमानं पडतात. शेवटच्या प्रकरणात अचानक उगवलेला जुळा भाऊ, कधीच न उल्लेखलेलं मृत्युपत्र, वकिलाच्या खिशातून निघालेली चिठ्ठी यांना इथे क्षमा नाही. खरं तर खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर नवा साक्षीदार बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम 311, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 348. म्हणजे कायदा अशा साक्षीदाराला आत घेतो, वाचक घेत नाही. या एका बाबतीत वाचकाचा पुराव्याचा कायदा न्यायालयापेक्षा कडक आहे.

मराठीतली या प्रकाराची परंपराही वाचकांच्या बोलण्यात डोकावते. साठी ओलांडलेल्यांच्या तोंडी अजून बाबूराव अर्नाळकर येतात. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसं. त्यांत मारामारी आणि वेषांतरं भरपूर, कोर्ट कमी. ते खऱ्या अर्थानं आणलं सुहास शिरवळकरांनी, त्यांच्या बॅरिस्टर अमर विश्वासच्या कादंबऱ्यांतून. ‘दुनियादारी’मुळे आजची पोरं शिरवळकरांना कॉलेजकट्ट्याचा लेखक समजतात, पण या टेबलाशी वय झालेला वाचक ‘अमर विश्वास आहे का एखादा?’ असंच विचारतो. या बॅरिस्टरांचा पूर्वज म्हणजे अर्ल स्टॅन्ली गार्डनरचा पेरी मेसन. कॅलिफोर्नियात वकिली केलेल्या गार्डनरनं 1933पासून ऐंशीहून जास्त मेसन-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली बरीच नाट्यं ज्युरीपुढे न घडता प्राथमिक सुनावणीत, एकट्या न्यायाधीशापुढे घडतात. मेसन आपल्याकडे लवकर रुजला त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. आपल्याकडेही निर्णय देणारा एकच, खुर्चीतला.

ग्रिशॅमचं तसं नाही. त्याच्या ज्या कादंबऱ्यांत खटला असतो, त्यांचं सगळं बळ बारा ज्युरींच्या मनात काय चाललंय यावर. भारतात 1959च्या नानावटी खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल फिरला. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे ‘ज्युरीला रडवणारं शेवटचं भाषण’ वाचून इथला वाचक थोडा कोरडा राहतो. तरुण वकील मुलगी म्हणाली, ‘आमच्या साहेबांपुढे असं भाषण केलं, तर ते म्हणतील, मुद्द्यावर या.’ तिच्याकडून आणखी एक कळलं. पुढच्या कादंबऱ्यांत 302 लिहिता येणार नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम आता 103 आहे. पण ‘तीनशे दोन’ ऐकताना जो धसका बसतो तो ‘एकशे तीन’ला यायला एक पिढी जाईल, असं तिचं मत.

शिक्षिका बाईंनी ‘अ टाइम टू किल’ संपवली तेव्हा मात्र त्या टेबलाशी काही बोलल्या नाहीत. मुलीवर अत्याचार करणाऱ्यांना बापानं कोर्टाच्या इमारतीतच गोळ्या घातल्या, आता त्याचं काय व्हायचं, हा त्या कादंबरीचा विषय. गोळ्या कुणी घातल्या हे सुरुवातीपासून माहीत. इथे हा विषय परका नाही. हिंगणघाटात 3 फेब्रुवारी 2020ला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं, 10 फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022ला इथल्याच सत्र न्यायालयानं आरोपीला जन्मठेप दिली. त्या निकालाकडे सगळं गाव डोळे लावून होतं. पुस्तक परत केल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई येऊन म्हणाल्या, ‘पुस्तक चांगलं आहे. पण बापानं गोळी घातली ते वाचताना मला बरं वाटलं, हे मला आवडलं नाही.’ एवढा खरा अभिप्राय मी छापील परीक्षणात क्वचित वाचला आहे. ताईंनी त्या पुस्तकावर कोणतीच खूण केली नाही. ‘हे पाहूनच द्यावं लागेल,’ म्हणाल्या.

गुन्हेगार माहीत असूनही श्वास रोखायला लावणं मराठीला नवं नाही. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आलं. लखोबा लोखंडे भामटा आहे हे प्रेक्षकाला कळलेलं असतं. फिरत्या रंगमंचावर एकेक साक्ष उलगडते आणि प्रश्न उरतो तो एवढाच, की हा यातूनही सुटतो काय? तिथेही पुरावा सगळा प्रेक्षकासमोर आहे, लपवलेला नाही.

2023च्या फेब्रुवारीत वर्ध्यात 96वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते नरेंद्र चपळगावकर, मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. न्यायाच्या खुर्चीवर बसलेला माणूस साहित्याच्या खुर्चीवर बसला, तोही याच जिल्ह्यात. तरी जिल्हा न्यायालयाच्या आवारातली, पुकारा, वकालतनामा, मुद्देमालाची खोली आणि दारूबंदीचे पंच यांच्यातून उभी राहिलेली दमदार मराठी रहस्यकादंबरी या टेबलावर मी अजून आलेली पाहिली नाही. येते ती मेम्फिसची, मिसिसिपीची, किंवा मग मुंबईची.

लिहिणाऱ्या वकिलांना आणि पत्रकारांना माझं सांगणं आहे, की सामग्री तालुक्याच्या कोर्टात रोज अकरा वाजता उघडते. वाचक तयार आहे, आणि तो कायद्याच्या चुका मोजायला बसलेला नाही. त्याची अट एकच: पुरावा त्याच्यापासून लपवू नका. आणि वाचनालयांनी ताईंच्या पेन्सिलीच्या खुणांसाठी एक साधी वही घालावी. पुस्तक परत करणारा जे एक वाक्य बोलतो ते त्याच्याच शब्दांत, शेवट न फोडता, तिच्यात उतरवावं. पुढच्या खरेदीच्या बैठकीत ती वही समितीपुढे ठेवली, तर कोणतं पुस्तक घ्यायचं यावर वाद घालायची वेळ येणार नाही.