मोडीचा रुमाल आणि बीएचे १२० तास

पदवीच्या काळातच विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामावर पाठवायचे आणि त्या कामाची क्रेडिटे पदवीत धरायची, हे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सर्रास झाले. मध्य प्रदेशात पदवी वर्गांना ते २०२१-२२ पासून लागू झाले. एका क्रेडिटला साधारण तीस तास, म्हणजे चार क्रेडिटांना १२० तास. वाणिज्य शाखेचा मुलगा लेखापालाकडे जातो. मराठी किंवा इतिहास घेतलेल्या मुलीने कुठे जायचे? इंदुरात हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. एका कार्यालयाने आमच्या दोन मुलांना महिनाभर आवक-जावक लिहायला बसवले आणि छापील प्रमाणपत्रे दिली. तास भरले, पण त्या कामाला बारावीचा मुलगाही चालला असता.

इंदूर, देवास, धार इथल्या जुन्या मराठी घरांत मोडी कागदांचे रुमाल अजून आहेत. मी मुलांना त्या कामाला लावतो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे एकमेकांत गुंतवत जातात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. त्यामुळे नुसती अक्षरओळख पुरत नाही. जुनी मराठी कानात असावी लागते, व्यवहार माहीत असावा लागतो. कालगणनेचेच पाहा. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असते. हे अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. हे साल मृगाला बदलते, म्हणून महिना पाहून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. त्या सालातला जानेवारी म्हणजे १७६१चा, पानिपताचा. हे एकदा स्वतः सोडवले की इतिहासाच्या पुस्तकातले सालही विद्यार्थी वेगळ्या नजरेने वाचतो.

पहिले तीस-चाळीस तास वळण ओळखण्यात जातात. तेव्हा मुले कंटाळतात, आणि कंटाळू द्यावे. खरे शिक्षण पुढे, कागदाचा धनी समोर बसतो तेव्हा. एका घरी आजोबांपासून सांगत आले होते की पेटीतला मोठा कागद ही इनामाची सनद आहे. विद्यार्थिनीला त्यात ‘मुद्दल’ सापडले, मग ‘दरमहा दरसदे’. ती दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, “काका, ही सनद नाही, कर्जाचं खत आहे. कर्ज तुमच्या घराण्यानं घेतलेलं दिसतं.” काकांनी आधी तिच्या वाचनावर शंका घेतली, मग माझ्या. तिने ओळीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर लावून दाखवले. पुढच्या आठवड्यात त्यांनीच दुसरा रुमाल काढून दिला.

म्हणून मी हजेरीला फार गुण ठेवत नाही. बाळबोध प्रत, लागलेले आणि न लागलेले शब्द वेगळे दाखवणे, आणि धन्यासाठी सोप्या मराठीत एक पान, यांवर गुण देतो. न लागलेला शब्द दडपून बसवला तर गुण कापतो. मुलांचे बसभाडे विभागाने द्यावे असे माझे मत आहे. १२० तास फुकट राबणे सगळ्यांच्या घरी परवडत नाही.

यंदा सहा विद्यार्थी आहेत आणि रुमाल चारच. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असे बासन असेल तर कळवावे. कागद घराबाहेर न्यावे लागत नाहीत, छायाचित्रांवर काम होते. आणि निघाले ते धन्याच्या परवानगीशिवाय कुठे छापले जात नाही.